ताकाचे दहा रुपये

राखीला पैशाचा व्यवहार शिकवायचा, हे देवकीनं मनावरच घेतलं होतं. नवरा म्हादू म्हणजे कर्णाचा अवतार, मागेल त्याला देऊन मोकळा. निदान पोरगी तरी बापावर जाऊ नये! म्हणून दर रविवारी गुंदच्या फाट्यावर, पर्यटकांच्या गाड्या थांबायच्या तिथं, मायलेकी ताक विकायला बसायच्या. मीठ-मिरची लावलेलं ताक, दहा रुपये गिलास. फोनला रेंज नाही, म्हणून सगळा कारभार रोख. आठ वर्षांची राखी नोटा ओळखायला शिकली, सुटे परत द्यायला शिकली. अन् देवकीनं एक धडा तिच्याकडून रोज घोटून घेतला, "पैसा हातात पडल्याबिगर गिलास सोडायचा न्हाई. मग समोर कुणी बी असू दे."

कुणी बी! तेव्हाच कुणीतरी या बाईची जीभ धरायला हवी होती.

कारण गावात ताक कुणी विकत नाही. दूध विकतात, तूप विकतात. ताक मात्र ज्याच्या घरी घुसळलं त्यानं शेजारीपाजारी द्यायचं, ही जुनी रीत. फाट्यावरचं ताक वेगळं अन् दारातलं वेगळं, हे देवकीला सांगावं लागलं नव्हतं, म्हणून तिनंही ते पोरीला कधी सांगितलं नाही. शेजारची येसूमावशी रोज सकाळी तांब्या घेऊन यायची. तोंडात दात उरले नव्हते. नाचणीची आंबील अन् त्यात हे ताक, एवढ्यावर म्हातारीची दुपार निघायची. अन् ती काय परकी होती? बाळंतपणात देवकी तापानं फणफणली होती, तेव्हा बारा दिवस राखीला पायावर घेऊन न्हाऊ घातलं ते याच म्हातारीनं.

त्या गुरुवारी देवकी रेशनकार्डाच्या कामाला तालुक्याच्या गावी, जोयड्याला गेली होती. आमच्या राज्यात बाईमाणसाला सरकारी बस फुकट, अन् त्या फुकटाची हिला काडीची लाज नव्हती, हे आपलं जाता जाता सांगतो. दुपारी परतली तर राखी दारातच उभी, मुठीत दहाची नोट.

"आई, येसूआजीकडनं घेतले! पैसे न्हाईत म्हणत हुती. मी ताक घातलंच न्हाई. मग घरला जाऊन घेऊन आली."

देवकीनं हात उचलला. "अगं भवाने! आजीकडनं पैसे घेतेस? कुणी सांगितलं तुला?"

"तूच की," राखी म्हणाली. "परवा बाबाला म्हणालीस न्हाई का, म्हातारीला फुकट ढोसायची सवय लागलीया? आजीला बी मी तेच सांगितलं."

मारायला उचललेला हात देवकीनं खाली घेतला. म्हणाली होती खरी. ओली लाकडं पेटत नव्हती, म्हादूवर राग होता, अन् म्हातारी तेवढ्यात तांब्या घेऊन गेली होती. वड्याचं तेल वांग्यावर! पण "ढोसायची" हा शब्द तिचाच होता, पोरीनं आपल्या पदरचं काही घातलं नव्हतं. देवकीला स्वतःचीच किळस आली.

तिनं घरातला तांब्या ताकानं काठोकाठ भरला, नोट मुठीत घेतली, पोरीचं मनगट धरलं अन् ती शेजारी गेली. येसूमावशी पडवीत सुपात तांदूळ निवडत होती.

"मावशी, हे तुझे पैसे घे. पोरगी येडी हाय. कुठनं काय ऐकून येती अन् बडबडती. आम्ही असं म्हणू व्हय कधी?"

येसूमावशीनं एकदा देवकीकडं पाहिलं, एकदा पोरीकडं. मग नोट घेऊन कमरेच्या पिशवीत घातली. "लहान हाय गं. असू दे. उद्या येते मी," ती म्हणाली.

राखी आईकडं बघत राहिली. परतताना निम्म्या वाटेत ती हळूच म्हणाली, "आई, मी कुठं बडबडले?"

देवकी जागीच थांबली. म्हातारीचा अपमान केला तो केलाच, वर पाप लेकराच्या माथी मारलं. पैसे सांभाळायला शिकवता शिकवता हे काय शिकवून बसलो आपण? ती तशीच मागं फिरली, पडवीत जाऊन म्हातारीपुढं बसली.

"मावशी, मी खोटं बोलले. ते माझंच बोलणं हुतं. पोरीचं काई चुकलं न्हाई."

वाटलं होतं, आता जीव हलका होईल. येसूमावशीनं सूप खाली ठेवलं.

"ठाऊक हुतं मला," ती म्हणाली. "एवढंसं पोर आपल्या मनानं असलं बोलतंय व्हय? पण तू पोरीवर घातलंस, मी बी मानून घेतलं. सकाळी तांब्या घेऊन आले असते की मी. आता कुठलं तोंड घेऊन येऊ?"

"तू येऊ नको मावशी. मीच आणून देते, रोज आणून देते."

"दे की. पिईन मी, न पिऊन कुठं जाऊ?" येसूमावशीनं पुन्हा सूप मांडीवर ओढलं. "पण ते तू वाढलेलं ताक, देवकी. आजवर मी माझ्या घरचं नेत हुते."