किरकोळ

"मावशी, नवव्या थरातले मधले शंख कुठे ठेवलेत?"

खणावर ओणवी होऊन नवी संशोधक विचारत होती. वस्तुसंग्रहालयात येऊन तिला जेमतेम दोन महिने झाले होते. घरी तान्ही मुलगी, त्यामुळे सदा घाईत. शंख दिसले की मात्र घाई विसरायची.

"मधले म्हणजे गं?" मावशींनी ब्रश खाली ठेवला.

"आठव्या थरापर्यंत सगळे गुळगुळीत, दहाव्यापासून सगळ्यांच्या पाठीवर कंगोरे. मग मधे थोडे थोडे कंगोरेवाले नकोत? आमच्या सासूबाई महिन्यातून एकदा येतात आणि दर वेळी म्हणतात, 'अगंबाई, ही तर दुसरीच मुलगी!' मी रोज बघते, मला कुठे दुसरी दिसते?"

मावशी हसल्या. एकतीस वर्षं त्या या मागच्या खोलीत दगड झालेले शंख निवडत होत्या. टेकडीतून थराथरानं पोती यायची. चिखल धुवायचा, शंख घासायचा, पाठीवरून अंगठा फिरवायचा. गुळगुळीत डाव्या ट्रेमध्ये, कंगोऱ्यांचे उजव्या. त्या ट्रेंवरूनच जुन्या सरांनी पुस्तक लिहिलं: हा जीव हजारो वर्षं तसाच राहिला आणि मग एकाएकी बदलला. शेवटच्या पानावर आभार होते, 'ज्यांच्या नजरेतून एकही शंख सुटला नाही, त्या आमच्या मावशी.' ते पान मावशींनी दाखवलं नाही असं कुणी शिल्लक राहिलं नव्हतं.

"अर्धवट यायचे की," त्या सहज बोलून गेल्या. "धड हे ना धड ते. त्यांचा वेगळा डबा होता, 'किरकोळ' लिहिलेला."

"कुठाय तो?"

मावशींचा हात ओल्या फडक्यावरच राहिला. पहिल्या दिवशी सर म्हणाले होते, फुटके आणि ओळखू न येणारे किरकोळमध्ये टाका. ज्यांच्यावर अंगठा अडखळायचा, तेही मावशींनी ओळखू न येणाऱ्यांतच धरले. विचारलं असतं तर सरांनी सांगितलं असतं. पण विचारलं तर अडाणी ठरू, म्हणून विचारलं नाही. डबा भरला की बागेतल्या पायवाटेवर रिकामा व्हायचा, खडीबरोबर.

"फुटके असतील ते, म्हणून टाकले असतील," संशोधक स्वतःशीच म्हणाली आणि खण लोटायला लागली.

तिनं आयतंच उत्तर हातात दिलं होतं. नुसती मान हलवायची. निवृत्तीला दीड महिना उरला होता.

"नाही गं. चांगले होते," मावशी म्हणाल्या. "अख्खे होते. मीच टाकले, वाटेवर."

संशोधक स्टुलावर बसली. मग म्हणाली, "वाट उकरली तर?"

"मिळतील. पण कुठल्या थराचा कुठला, ते कोण सांगणार?"

"आणि टेकडी?"

"ती रस्त्याच्या भरावात गेली."

"म्हणजे या जीवानं एकाएकी उडी मारलीच नसेल कदाचित."

"हळूहळूच चालला असेल बिचारा. पावलं मी पुसली."

"असं नका बोलू. सरांनी एकदा तरी डब्यात बघायला हवं होतं."

"सर गेले. आता त्यांच्यावर काय ढकलायचं?" मावशींनी अंगठा बोटांवर घासला. "आधी नुसती खरखर लागायची. मग तोंडाशी एक रेघ. मग दोन. अजून कळतंय बघ बोटाला. हे लिहून घेतेस का?"

संशोधकानं पेन उचललं, परत ठेवलं. "आठवण मोजता येत नाही हो मावशी."

"बरं," मावशी म्हणाल्या.

ती घरी गेल्यावर मावशींनी नोंदवही ओढली आणि ठळक अक्षरात लिहिलं: 'नवव्या थरात मधले शंख होते. निवडताना माझ्याकडून टाकले गेले.' खाली सही केली.

मग खण उघडला. गुळगुळीत आणि कंगोऱ्यांचे, दोन्ही ट्रे एकमेकांना चिकटून बसले होते. ते त्यांनी सरकवले आणि मधे एक रिकामा ट्रे दडपून बसवला. त्याची कड थोडी वर राहिली. खण पुरता लागेना. मावशींनी एकदा ढकलून पाहिला, मग तसाच चार बोटं उघडा राहू दिला.