आमच्याकडं

प्राग नामक त्या पुरातन नगरीत येऊन काकासाहेबांना जवळजवळ आठवडा लोटला होता. परंतु ज्या एका प्रश्नापायी त्यांनी एवढा दूरचा प्रवास आरंभिला, तो प्रश्न अद्याप त्यांच्या ओठांबाहेर पडला नव्हता.

प्रश्न त्यांचा नव्हता, आईचा होता. संभाजीनगरच्या हृदयरोगतज्ज्ञांनी आवडाबाईंना तपासून काकासाहेबांना बाजूला घेतले होते आणि आता औषधांवर फार भिस्त ठेवू नका, असे हलक्या आवाजात सांगितले होते. माउलीपासून ही गोष्ट लपवून ठेवली गेली. तथापि स्वतःच्या देहाची खबर माणसाला डॉक्टरच्या आधी लागत असते. गावी शेंद्र्याला परतताना गाडीत आवडाबाईंनी थोरल्या लेकाचा हात धरला.

"ऋत्यानं तिकिटं धाडलीत म्हणून निस्तं हिंडायला नको जाऊ. त्याला इचार, घरी कायमचा राह्यला येतो का. मी इचारलं की तो फोनवर हसतो, मग मीबी हसते. तू थोरला हायेस. तुला नाय टाळायचा."

ऋतुराज हे शेंडेफळ. इंजिनिअर होऊन तो प्रागला गेला, त्याला आता सात वर्षे होत आली होती. मधली बहीण दीपमाला वैजापूरला दिलेली. आईला विमानप्रवास झेपणार नाही म्हणून तिला काकासाहेबांच्या पत्नीच्या हवाली करून ही दोघे भावंडे धाकट्याकडे आली होती, आणि तो त्यांना मोठ्या हौसेने नगरदर्शन घडवीत होता.

काळ्या पाषाणाचा एक उत्तुंग दरवाजा त्याने दाखविला, तेव्हा दीपमाला कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ह्यो बघायला इतक्या लांब आणलं व्हय? आपल्याकडं संभाजीनगरात असे बावन्न व्हते. अन् आपल्यातनं रिक्षा तरी जात्यात!"

चौकातील प्राचीन घड्याळापुढे देशोदेशीचे लोक माना वर करून उभे होते. तास भरताच घड्याळातील हाडांच्या सापळ्याने दोरी ओढून घंटा वाजविली.

"अगं बया! यमाला घंटा वाजवायच्या कामाला लावलंय ह्यांनी," दीपमाला म्हणाली, तसा ऋतुराज पोट धरून हसला. काकासाहेबांना मात्र हसू आले नाही. त्या दोरीकडे पाहवेना म्हणून त्यांनी मान खाली घातली. आता विचारावे, असे त्यांच्या मनाने घेतले होते. इतक्यात धाकट्याने त्यांचा दंड धरला आणि, "दादा, चल, पूल बघायचाय अजून," असे म्हणून ओढीतच नेले. लहानपणी उरुसात तो असाच ओढीत असे. विचारायचे राहून गेले.

पुलाकडे जाण्यासाठी ते ट्राममध्ये बसले. डब्यात माणसे पुष्कळ होती, पण शांतता अशी, की जणू सारे कुणाच्या मातीला निघाले असावेत. दीपमालेला ते मानवेना. सासूची एक फजिती ती रंगवून सांगू लागली आणि तिचा आवाज पार पुढच्या बाकांपर्यंत पोहोचला. एका म्हाताऱ्या बाईने वळून पाहिले.

ऋतुराजने बहिणीच्या हातावर हात ठेवला. "ताई, जरा हळू. आमच्याकडं ट्राममध्ये एवढ्या मोठ्यानं नाही बोलत."

दीपमाला डोळे बारीक करून म्हणाली, "आमच्याकडं? मेल्या, घरजावई झालास का काय कुणाचा?"

"जाऊ दे ना गं. आलं तोंडात सवयीनं."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

काकासाहेबांनाही तो शब्द खटकला. आपल्या मायबोलीत या दोन शब्दांमध्ये एक उंबरठा आहे. 'आपल्याकडं' म्हटले, की ऐकणाराही घरात असतो. 'आमच्याकडं' म्हटले, की तो दाराबाहेर उभा राहतो. दीपमाला लग्नानंतर पहिल्या दिवाळीला माहेरी आली होती, तेव्हा पुरणाची चव घेऊन सहज बोलून गेली होती, "आमच्याकडं एवढं गोड नाय करत." आवडाबाईंनी पाठ फिरवून चुलीतले लाकूड उगाच मागेपुढे केले होते. परंतु तो दुःखाचा असला तरी रीतीचा शब्द होता. लेक परक्या घरी द्यावीच लागते. लेकालाही असे देऊन टाकावे लागते, हे काकासाहेबांना कोणी शिकविले नव्हते.

पुलावर वारा होता. ऋतुराज कॉफी आणायला गेला.

"दादा, आत्ता इचारतोस का?" दीपमालेने विचारले. "उद्या विमान हाये."

काकासाहेबांनी वाऱ्याकडे पाठ केली. कठड्याशी जाऊन ती नदी पाहत राहिली.

तेवढ्यात फोन वाजला. आईच होती.

"इचारलं का रं?"

"नाय इचारलं."

"का?"

काकासाहेबांनी पलीकडे पाहिले. कॉफीवाल्या पोरीशी ऋतुराज तिच्या भाषेत काहीतरी बोलत होता. तीही हसत होती, तोही हसत होता. घराच्या ओट्यावर बसून बोलावे तसे त्याचे बोलणे चालले होते.

"आई, इथल्याला तो 'आमच्याकडं' म्हणतो. मुद्दाम नाय म्हणला, सहज म्हणला."

पलीकडून देवघरातली घंटी वाजविल्याचा आवाज तेवढा आला; सूनबाई सांजेचा दिवा लावीत असावी.

"म्हंजे नांदायला लागला म्हण," आवडाबाई म्हणाल्या.

सासरी रुळलेल्या लेकीसाठी योजायचा तो शब्द त्यांनी लेकासाठी योजिला.

"आई? त्याला फोन देऊ का? बोल त्याच्याशी."

"नगं. माझं रडणं त्याला ऐकू जाईल. त्याला काई इचारू नगंस आता. नांदतीला माघारी बोलवू नाय."

कॉफीचे पेले छातीशी सावरीत ऋतुराज घाईने आला. "आई आहे ना? दे, दे, तिला पूल दाखवतो!"

"झोपली ती," काकासाहेब म्हणाले.

"एवढ्यात?"

"आज लवकर झोपली."

ऋतुराजने मान डोलाविली आणि एक पेला त्यांच्या हाती दिला. काकासाहेबांनी दुसऱ्या हातातील फोन छातीशी उलटा धरला. तो चालूच होता, आणि सदऱ्याआडून आईचे हुंदके त्यांना जाणवत होते.