दोनच्या मालिकेतली दुसरी

ठकीची बॅग दारातच उभी होती. टॅक्सीवाला ठेवून गेला तशी. मी ती आत न्यायला वाकले, तर माझी थोरली नणंद सोफ्यावरूनच म्हणाली, "राहू दे तिथंच. परत उचलावीच लागणार आहे."

म्हणजे बाईंनी ठरवूनच टाकलं होतं. ठकीला आठवा महिना. जावई बोटीवर नोकरीला, इतक्यात काही येत नाही. बाळंतपण आमच्याकडे होणार असं मी धरून चालले होते. आतली खोली धुऊन काढली होती, पलंग खिडकीपासून हलवला होता, माझं शिलाई मशीन बाहेरच्या खोलीत आणून ठेवलं होतं. आणि आज ठकी पोचते न पोचते तोच या दोघी बहिणी गाडी घेऊन हजर. थोरलीची सगळी नोकरी पोस्टाच्या खिडकीमागे गेली, अजूनही ती मधे काच असल्यासारखी बोलते. धाकटी तिच्या प्रत्येक वाक्याला 'तर काय' म्हणते. तेवढंच तिचं काम.

ठकी माझ्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोची मुलगी. तिची आई गेली तेव्हा ती रांगत होती, मी या घरात आले तेव्हा नुकती धावायला लागली होती. पुढचं सगळं मी केलं. पण या दोघींच्या लेखी वहिनी एकच, ती गेलेली. मला त्यांनी आजवर वहिनी म्हटलेलं नाही. मला म्हणतात 'अगं', नाहीतर 'ऐकलंस का'. ठकीला मला मावशी म्हणायला शिकवलं तेही त्यांनीच. माझा नवरा बस चालवतो. रस्त्यावर सारखा हॉर्न वाजवतो, बहिणींपुढे मात्र त्याचा आवाज कधी निघाला नाही.

"माझ्याकडे मोठी खोली आहे, बाई आहे कामाला," थोरली ठकीला म्हणाली. "शिवाय आपल्या माणसांत राहिलेलं बरं अशा वेळी. कार्यक्रम संपला की निघूच."

"तर काय," धाकटी म्हणाली.

ठकी पाय वर घेऊन खुर्चीत बसली होती. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. ती लहानपणापासून तशीच, आणि मला त्याची चीड येते.

कार्यक्रम म्हणजे काय, तर आमच्या वेळची 'दोनची' मालिका. तिला खरं नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. 'दोनची लागली का?' एवढंच विचारायचे. तिचे जुने कलाकार आज इतक्या वर्षांनी एकत्र येणार होते, तेही दुपारी दोनलाच, आणि माझा टीव्ही मोठा म्हणून ठकीला न्यायला आलेली मंडळी माझ्याच घरी चहा पीत बसली होती. न्यायला म्हणजे माझ्याकडून न्यायला.

टीव्हीवर एकेक जण टाळ्यांत येऊ लागला आणि दोघींना तोंड फुटलं.

"अगं बाई, भुवईवाली! किती सुकली!"

"तर काय."

"हिची एक भुवई वर गेली की माझ्या पोटात गोळा यायचा. आज कुणाच्या तरी दुधात काहीतरी पडणार."

"दुधात नाही, ताई. औषधात घालायची."

"दुधात गं! मी एक भाग चुकवलेला नाही." थोरलीने बशी आपटली. "आणि हा बघ दीर. किती वेळा मेला हा?"

"दोनदा. एकदा विमानात, एकदा खाणीत."

"दुसऱ्यांदा परत आला तेव्हा चेहरा वेगळा होता. अपघातानंतर ऑपरेशन करून बदलला असं दाखवलं."

"उंचीपण त्याच ऑपरेशनमध्ये वाढली," मी म्हटलं.

ठकी फिसकन हसली. थोरलीने माझ्याकडे बघितलं, फॉर्म चुकीचा भरून आणलेल्या माणसाकडे बघावं तसं.

खोटं कशाला बोलू, मलाही मजा येत होती. ती मालिका मीसुद्धा जीव टाकून बघितली आहे. श्रीमंताच्या घरी आणि गरिबाच्या घरी तीच एक निळी फुलदाणी असायची, दार आपटलं की भिंत हलायची, आणि चष्मेवाली सासू रडताना कधीही चष्मा काढायची नाही. शेजारणी असत्या तर मीही तासभर बोलले असते. पण या दोघींबरोबर त्या मालिकेबद्दल बोलणं म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

कारण त्या मालिकेत नायिका बदलली होती.

मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यातली गोष्ट. तेव्हा या दोघी वरच्या मजल्यावर राहायच्या आणि दुपारी आमच्याकडे टीव्ही बघायला यायच्या. मी नवी, चहाचा ट्रे घेऊन उभी. पडद्याखाली पट्टी सरकली की आजपासून ही भूमिका अमुक करतील. पहिली नटी सिनेमात गेली होती. दाराआडून दुसरीच बाई आली आणि त्याच पोराला उचलून घेऊन 'बाळा' म्हणाली. थोरलीने टीव्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पहिलीची सर नाही." ठकी तेव्हा माझ्या कमरेला धरून उभी होती. त्या दिवसापासून 'ती दुसरी' म्हटलं की मला कळेना, टीव्हीतली की ट्रे धरलेली. कळत होतं खरं तर. चांगलंच कळत होतं.

"आली, आली!" थोरली ओरडली. पहिली नटी मंचावर आली होती. चेहरा घट्ट ओढून बसवलेला, केस काळेभोर. "बघ, जशीच्या तशी! वय म्हणून झालं नाही."

"तर काय. किती गोड होती."

तिचा सिनेमा सपाटून पडला हे दोघी सोयीस्करपणे विसरल्या होत्या. तिच्या मागून दुसरी आली. जाडजूड, केस पांढरे, ते तिने रंगवलेलेही नव्हते. गुडघा धरून पायरी चढली. टाळ्या पडल्या, पण हाताला हात लागतो तेवढ्याच.

"हिला कशाला बोलावलं?" थोरली म्हणाली. "कानामागून आली आणि तिखट झाली."

"ताई, तिनं बाकीची सगळी मालिका ओढली," मी म्हटलं. "पहिली होती ती वर्षभर."

"ओढली ना? ओढलीच. काम केलं पहिलीनं. तो किल्ल्यांचा सीन आठवतो ना? सासू म्हणते, पोरगं ठेव आणि चालती हो. आणि ही..." थोरली चक्क उठली, पर्समधून गाडीच्या किल्ल्या काढल्या आणि धाकटीच्या मांडीत फेकल्या. "किल्ल्या तुमच्या, लेकरू माझं!"

धाकटीने डोळे पुसले. खरंच पुसले.

"ही असते आई," थोरली बसत म्हणाली. "त्या दुसरीला जमलं असतं? अंगात असावं लागतं ते. आपली वहिनी अशीच होती. ठके, तुझ्या डोळ्याचं आठवतं ना? पट्टी लावायची तर तू काढून फेकायचीस. मग वहिनीनं स्वतःच्या डोळ्याला पट्टी बांधली. दिवसभर एका डोळ्यानं घरात वावरली, पोरीनं पट्टी ठेवावी म्हणून. अशी आई होती तुझी. तिच्या माणसांत यायला नको का तुला?"

ठकीने नेहमीसारखी मान डोलावली.

ही गोष्ट मी प्रत्येक लग्नात, बारशात, दवाखान्याच्या बाकावर ऐकली आहे. खरं काय ते सांगते. ठकीला शाळेत घातल्यावर कळलं की तिचा एक डोळा आळशी आहे. चांगला डोळा झाकायचा, म्हणजे आळशी कामाला लागतो, असं डॉक्टर म्हणाले. ही पट्टी उपटून फेकायची. शेवटी मी एका कोटाच्या अस्तराचा तुकडा कापला आणि माझाही डोळा बांधला. आम्ही दोघी काण्या, असं म्हणत ती टाळ्या पिटायची. एका डोळ्याने अंतर कळत नाही. सुईत दोरा ओवायला जावं तर तो सुईच्या शेजारून जातो. एका गिऱ्हाइकाच्या पॅन्टचा एक पाय आखूड शिवला. आणि एकदा इस्त्री ठेवायला गेले ती मनगटावर ठेवली.

या दोघी तेव्हा दुसऱ्या गावी राहायला गेल्या होत्या. फोनवर नवरा त्यांना म्हणाला, "तिची आई पण पट्टी लावून बसते." तिची आई. आयुष्यात त्या माणसाने माझ्यासाठी वापरलेला सगळ्यात चांगला शब्द, आणि तो गेला भलतीकडे. वर्षं सरली, हे कधी घडलं ते पुसलं गेलं, वाक्य तेवढं राहिलं. आणि थोरलीच्या डोक्यात आई एकच. मी नवऱ्याला म्हटलं, सांगा त्यांना. तो म्हणाला, "गेलेल्या माणसाबद्दल बोलतायत, बोलू दे." दिलं बोलू.

टीव्हीवर निवेदक म्हणाला, आता आपल्या सगळ्यांच्या मनात घर केलेला तो प्रसंग पाहू. दिवे मंद झाले. जुनं, फिकट चित्र आलं. निळी फुलदाणी, चष्मेवाली सासू. किल्ल्यांचा जुडगा हवेतून आला. "किल्ल्या तुमच्या, लेकरू माझं."

बोलणारी दुसरी होती.

तरुण, बारीक, पोराला कडेवर घेतलेली, पण दुसरीच. मी इतक्यांदा त्या बाईची बाजू घेतली, पण हा सीन तिचा आहे हे मीसुद्धा विसरले होते. ऐकून ऐकून मलाही तिथे पहिलीच दिसायला लागली होती. त्याचा मला सगळ्यात जास्त संताप आला.

थोरली म्हणाली, "चॅनेलवाल्यांनी काहीतरी उलटंपालटं केलंय. हल्ली तोंडं बदलता येतात."

पडले तरी नाक वर, म्हणतात ते हेच.

"तर..." धाकटी म्हणाली आणि थांबली.

"चल ठके." थोरलीने धाकटीच्या मांडीवरच्या किल्ल्या उचलल्या आणि दारात जाऊन बॅगेच्या मुठीला हात घातला. "उशीर नको. वहिनीच्या लेकीचं बाळंतपण शिवणकामाच्या चिंध्यांत नाही व्हायचं."

तेव्हा मी बाही वर केली. इतकी वर्षं केली नव्हती. मनगटाच्या वर इस्त्रीच्या टोकाचा डाग आहे, अजून चकाकतो.

"हे बघा," मी म्हटलं. "पट्टी मी बांधली होती. तुमची वहिनी गेली तेव्हा ही रांगत होती, पट्टी लागली ती शाळेत गेल्यावर. गेलेली बाई परत येऊन डोळा बांधते का? ही काय दोनची मालिका आहे?"

"बघितलंस?" थोरली ठकीला म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "मेलेल्या माणसाचंसुद्धा सोडत नाही ही. सगळं हवं हिला. नवरा घेतला, घर घेतलं, आता आईपण..."

"आत्या, मावशीनंच बांधली होती," ठकी म्हणाली. "बॅग ठेव."

थोरलीने बॅग ठेवली नाही. "तुला काय आठवणार? एवढीशी होतीस."

"काळं अस्तर होतं. त्याला खडूचा वास यायचा. मला माहीत आहे कोण होतं ते. पहिल्यापासून माहीत आहे."

"मग मी सांगायचे तेव्हा मान का डोलवायचीस?"

प्रश्न थोरलीने विचारला, पण ठकीने उत्तर मला दिलं. खुर्चीतून उठायलाही तिला वेळ लागला. दोन्ही हात कमरेवर ठेवून ती माझ्यासमोर उभी राहिली.

"मला आईचं काहीच आठवत नाही, मावशी. काहीच नाही. चेहरा आठवतो तोही फोटोतला. आत्या ती गोष्ट सांगायची तेव्हा वाटायचं, एक तरी असू दे तिच्या नावावर. तुझ्या गोष्टी माझ्याकडे पुष्कळ आहेत. त्यातली एक तिला दिली."

एखादी बाई इथे विरघळली असती. मला राग आला. असा आला की कानशिलं तापली. इतकी वर्षं मी नणंदांना मनातल्या मनात शिव्या घालत होते, आणि चोर माझ्या ताटात जेवत होता.

"मग दुसरी कुठली द्यायचीस!" मी ओरडले. "वेण्या घातल्या ते द्यायचंस. तापात उशाशी बसले ते द्यायचंस. डबे दिले, पाढे घेतले, काय वाट्टेल ते द्यायचंस. नेमकी तीच?"

"तीच सगळ्यात चांगली होती. तिला काय वेणीची देऊ?"

धाकटी रडत होती. थोरली बॅगेची मूठ धरून नुसती उभी होती. टीव्हीवर सगळे कलाकार हातात हात घालून वाकत होते.

"मला एकदा विचारायचं तरी," मी म्हटलं.

"विचारलं असतं तर दिली असतीस?"

"नसती," मी म्हटलं. आणि थोरलीच्या हातातून बॅग काढून घेतली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली.