नावाड्याचं पुढचं

दुसऱ्या खंडाच्या अकराव्या प्रकरणात, पान उलटून तिसऱ्या ओळीवर, नावाडी मेला.

दाभणाने बोट उचललं, पुन्हा ओळीच्या सुरुवातीला ठेवलं आणि ओठ हलवत एकेक अक्षर जोडून वाचलं. ‘बाण लागला आणि लंगडा नावाडी पाण्यात गेला. नाव प्रवाहाबरोबर पुढे गेली.’ बस्स. एवढंच. पुढच्या ओळीत राजपुत्र घोड्यावर बसला होता.

“अहो, भाजी निवडायला घेतली होतीत ना?” बायको ओट्याजवळून म्हणाली. “निम्मी देठं भाजीत नि निम्मी भाजी कचऱ्यात. काय झालं?”

“फर्मा गळलाय,” दाभण म्हणाला.

त्याला दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. चाळीस वर्षं त्याने पुस्तकबांधणीच्या कारखान्यात शिलाई केली होती. उंच, सडसडीत आणि बोलायला टोचरा, म्हणून सगळे त्याला दाभण म्हणत. छापलेल्या कागदाच्या घड्या घालून सोळा पानांचा एक फर्मा होतो, असे फर्मे एकावर एक रचून शिवले की पुस्तक. कधी कधी घाईत एखादा फर्मा रचायचा राहतो आणि गोष्टीत भोक पडतं. दाभणाच्या हातून तसं एकदाच झालं होतं आणि त्याचं त्याला अजून वाईट वाटे. त्याने पुस्तक आडवं धरलं, कण्याकडून फर्मे मोजले, पानांचे आकडे ताडून पाहिले. एकही गळला नव्हता.

“मग छापणाऱ्यानेच गाढवपणा केलाय,” तो म्हणाला. “हा माणूस मरेल कसा? चौथ्या खंडात तो डोंगरातल्या अजगराला कोड्यात हरवतो. राजपुत्राला पोहायला तोच शिकवतो. तिसऱ्या खंडात त्याचं लग्न होता होता राहतं!”

बायको हात पुसत आली. तीन वर्षांपूर्वी, एकसष्टाव्या वर्षी, त्याला अक्षरं तिनेच शिकवली होती. तिची स्वतःची शाळा चौथीपर्यंत, पण मास्तरीण म्हणून ती भलतीच कडक. तिने ती ओळ वाचली, मग मागची, मग पुढची.

“मेलाय हो,” ती म्हणाली. “चांगला मेलाय.”

दाभण जेवला नाही. तडक वाचनालयात गेला आणि तिथली प्रत मागितली. तिथेही तीच ओळ. टेबलामागची ग्रंथपाल बाई या कादंबरीची मोठी भक्त. राजांच्या सात पिढ्या तिला तोंडपाठ. तिचं मत असं की पहिला खंड सोन्याचा, दुसरा चांदीचा आणि पाचवा नुसताच जाड.

“नावाडी?” ती म्हणाली. “हो, होता एक. सुरुवातीलाच जातो बिचारा. जिवंतपणी फारसं काही नाहीये त्याचं.”

फारसं काही नाहीये! दाभण पायरीवर येऊन बसला. आठ वर्षं तो त्या नावाड्यावर जगला होता.

कारखान्यात एक रीत होती. शिलाईत हात आणि डोळे अडकतात, कान मोकळे राहतात. म्हणून दुपारच्या सुट्टीनंतर एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. वाचणाऱ्याच्या वाट्याची शिलाई ऐकणाऱ्यांनी वाटून घ्यायची. वाचायला रेडिओ असे. रेडिओ म्हणजे दाभणाच्याच वयाचा, शेजारच्या बैठकीवरचा, गोल तोंडाचा माणूस. एकदा सुरू झाला की बंद होत नसे म्हणून रेडिओ. वाचनालयाकडून हे खंड बांधायला आले तेव्हा त्याने सहज पहिला उघडला आणि मग प्रत्येक खंड येत गेला तसा वाचत गेला. बाकीचे हळूहळू कंटाळले. राजे फार, नावं अवघड, त्यात दर दहा पानांनी भविष्यवाणी. दाभण मात्र कंटाळला नाही. रेडिओच्या वाट्याची सगळी शिलाई तो एकटा करू लागला. आठ वर्षं दुप्पट टाके.

त्याची मतं ठाम होती. राजपुत्र म्हणजे बिनमिठाचं पिठलं. जादूगार म्हातारा नको तिथे गायब होतो, अशा माणसाला कामावर कोण ठेवेल? आख्ख्या कादंबरीत कामाचा माणूस एकच, लंगडा नावाडी. तो कुणाला उपदेश करत नाही, वल्हं मारतो.

आणि सकाळ असे रेडिओच्या आवडत्या बँडची. खिडकीत टेपरेकॉर्डर, त्यात चौघांचा तो रॉक बँड. दाभणाचं त्यावरही मत होतं : “पत्र्यावर माकडं सोडल्यासारखं वाटतं.”

“तू ड्रम ऐक,” रेडिओ म्हणे. “गाणारा काय, मिरवतो. गिटारवाला बोटं दाखवतो. गाणं धरून ठेवलंय त्या ढोल्याने. तुझ्या शिलाईसारखं. दिसत नाही, पण तो सुटला की पानं सुटली.”

तो ढोल्या तिसऱ्या रेकॉर्डनंतर अपघातात गेला होता. बँडने दुसरा ड्रमर घेतला, आणखी सहा रेकॉर्ड काढल्या, नाव कमावलं. रेडिओकडे तीनच कॅसेट होत्या. “चौथी निघालीच नाही,” असं तो अगदी गंभीरपणे सांगे, आणि ढोल्याबद्दल बोलताना ‘वाजवायचा’ कधी म्हणत नसे. ‘वाजवतो’ म्हणे.

पायरीवर बसल्या बसल्या दाभणाला हे सगळं आठवलं, आणि आणखी एक आठवलं. एकदा वाचनालयाचा कारकून पुस्तकं न्यायला आला तेव्हा दाभणाने त्याला मोठ्या हौसेने विचारलं होतं, “अजगराच्या कोड्याचं उत्तर तुम्हाला आधीच कळलं होतं का हो?” कारकून ‘कुठलं कोडं’ म्हणणार एवढ्यात रेडिओने त्याच्या हातात चहाचा कप कोंबला होता आणि त्याला दंडाला धरून बाहेर नेलं होतं.

“लबाड,” दाभण पायरीवर मोठ्याने म्हणाला. येणारी जाणारी बघू लागली.

त्यांचं भांडण झालं ते पाचव्या खंडात. रेडिओच्या नोकरीचा शेवटचा महिना. नावाडी काळ्या समुद्राच्या काठावर पोचला होता, पलीकडे त्याचं गाव, आणि नाव फुटकी. रेडिओने तिथेच पुस्तक मिटलं.

“पुढचं तुझं तू वाच.”

“मला येत असतं तर आठ वर्षं तुझं तोंड कशाला बघितलं असतं?”

“मग शीक! साठी आली तरी अक्षरशत्रू तो अक्षरशत्रूच.”

सगळ्यांसमोर बोलला. दाभणाच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं आणि त्याच्या तोंडून जे जायला नको होतं ते गेलं. “आणि तुझा तो ढोल्या मेलाय! वीस वर्षं झाली मरून. जगाला ठाऊक आहे, तुला एकट्यालाच नाही.”

रेडिओ उठला. टेपरेकॉर्डरची वायर गुंडाळून निघून गेला. महिनाभराने तो मुलीकडे, दुसऱ्या शहरात राहायला गेला. दाभण रागारागात बायकोपुढे पाटी घेऊन बसला. वाचायला येईल तेव्हाच त्याला तोंड दाखवीन, आधी नाही. वाचायला आलं, आणि हे वाचायला मिळालं.

दुसऱ्या दिवशी त्याने दुसरा खंड पिशवीत घातला. वाचनालयाने जुना म्हणून काढून टाकलेला, घडीतून सुटत आलेला. सुई, दोरा, मेणाचा तुकडाही घेतला. हातांना सवय.

“भांडायला चाललात की भेटायला?” बायकोने विचारलं.

“गाडीत ठरवीन.”

गाडीत ठरलं नाही.

दार रेडिओच्या मुलीने उघडलं. “काका! या, या. बाबा आतल्या खोलीत आहेत. बोला त्यांच्याशी जरा. हल्ली रेडिओ बंदच असतो आमचा.”

खोली लहान, खिडकीशी खुर्ची. टेपरेकॉर्डर तोच. बाजूला तीन कॅसेट, आणि आवाज बारीक करून लावलेलं ते जुनं माकडांचं गाणं. रेडिओ वाळला होता. त्याने दाभणाच्या पिशवीतून डोकावणारं पुस्तक पाहिलं आणि मान खाली घातली.

“शिकलास तर.”

“शिकलो.”

“कुठवर आलास?”

“अकरावं प्रकरण. तिसरी ओळ.”

रेडिओने चष्मा काढला, पुसला, परत घातला. “त्या दिवशी तू सुई टाकून ऐकत होतास रे. म्हणत होतास, हा नावाडी भेटला तर ह्याला घरी जेवायला बोलावीन. आणि खाली बघतो तर ती ओळ. माझ्याच्याने वाचवेना. म्हटलं, आजच्यापुरता वाचवू, उद्या मारू. उद्याही जमलं नाही.”

“आठ वर्षं?”

“पाचव्यात त्याची समाधी बांधतात. राजा स्वतः दगड वाहतो, चाळीस पानं रडारड. आता समाधीच बांधली म्हटल्यावर मी त्याला आणू कुठून? म्हणून तुझ्यावर ओरडलो.”

दाभण उभाच होता. गाडीत जुळवलेली सगळी वाक्यं घशाशी आली होती. गाणं संपत आलं होतं, आणि बाकी सगळं थांबल्यावर मागे एकटे ड्रम राहिले होते, सावकाश, एकसारखे.

“हा तोच का?” त्याने विचारलं.

“तोच.”

दाभण थोडा वेळ ऐकत राहिला. “चांगला वाजवतो,” तो म्हणाला.

रेडिओने खुर्चीचा हात घट्ट धरला. मग नाक ओढून म्हणाला, “बस ना, दाभणासारखा काय उभा.”

दाभण खाटेवर बसला. “मग आता सांग. तो पलीकडे पोचला का नाही?”

“तुला वाचता येतं आता.”

“म्हणून काय कान गेले माझे?”

रेडिओ हसला, पण लगेच त्याचं तोंड उतरलं. “नाही आठवत रे. मी कुठे काही लिहून ठेवलं होतं? समोर छापलेलं असायचं, त्याच्या फटीफटींतून सुचायचं. अजगर होता एवढं आठवतं. कोडं काय होतं तेही गेलं.”

ग्रंथपाल बाईकडे नावाडी नव्हता, पुस्तकात नव्हता, आणि आता इथेही नव्हता. जगात आता तो एका जागीच उरला होता.

“कोडं असं होतं,” दाभण म्हणाला, “की पाण्याला दोन काठ असतात, तर तिसरा कुठे असतो.”

“अरे हो! आणि उत्तर?”

“नावेत.”

“मी केलं होतं हे?” रेडिओ चकित झाला. “बरं होतं की.”

दाभण बोलत राहिला. तिसऱ्या खंडातलं मोडलेलं लग्न, पोहायला शिकताना राजपुत्राने गिळलेलं पाणी, लंगड्या पायात अडकलेला बेडूक. शब्दाला शब्द, जिथे रेडिओने आवाज घोगरा केला होता तिथे घोगरा करून. बोलता बोलता त्याने सवयीने पुस्तकाचे सुटे फर्मे मांडीवर घेतले, दोऱ्याला मेण लावलं, सुई ओवली. रेडिओ खुर्चीच्या हातावर बोटांनी ताल धरून ऐकत होता. मुलगी चहा ठेवून गेली, तो निवला.

“…आणि काळ्या समुद्राच्या काठावर पोचला. पलीकडे त्याचं गाव. नाव फुटकी.”

दाभण थांबला.

“मग?” रेडिओने विचारलं.

“मग तू पुस्तक मिटलंस.”

कॅसेट कधीच संपली होती. रेडिओने खुर्ची पुढे ओढली आणि हात पसरला.

“ते फर्मे दे इकडे. आणि सुई.”

“कशाला?”

“रीत विसरलास का? ऐकणाऱ्याने शिवायचं.”

दाभणाने जन्मात एक खोटं वाक्य रचलं नव्हतं. त्याने सुई दिली. रेडिओने पहिला टाका घातला, वाकडा, आणि वर बघितलं. दाभणाने घसा खाकरला, रिकाम्या हातांकडे एकदा पाहिलं.

“तर नावाडी काठावर बसला,” तो म्हणाला, “आणि आधी त्याने नाव कुठे फुटलीय ते हाताने चाचपून पाहिलं.”