प्रभूच्या मुठीचा डबा

मित्रांनो, मी पत्र्याचा एक जुना डबा आहे. सोलापुरातल्या एका दोन खोल्यांच्या घरात, शेगडीशेजारच्या फळीवर माझी जागा आहे. झाकणावर पांढऱ्या रंगात काढलेला क्रूस आहे. त्याच्या एका बाजूचा रंग पोपडे निघून गळून गेला आहे. माझ्या पोटात ज्वारी आहे, पण आता या घरात एकच माणूस जेवते.

मी मूळचा वनस्पती तुपाचा डबा. तूप संपले आणि मी भंगारात गेलो. पत्र्याचे काम करणाऱ्या निंगप्पाने मला तिथून उचलले. त्याने माझे फाटके तोंड कापले, काठ आत दुमडले आणि बिजागरीचे झाकण बसवले. हातोडीचे घाव मला लागले. पण त्यानंतर माझ्या काठाने कोणाचे बोट कधी कापले नाही.

मंगळवेढ्याहून नवी नवरी म्हणून आलेल्या बजाबाईने मला विकत घेतले. घर ख्रिस्ती होते. त्यांच्या चर्चच्या मंडळीत एक रीत होती. बाई दळणाला ज्वारी काढायला बसली की पहिली मूठ प्रभूची. ती मूठ वेगळ्या डब्यात पडायची, आणि त्या डब्यातली ज्वारी घराने परत घ्यायची नाही. हंगामाच्या उपकारस्तुतीच्या रविवारी, म्हणजे पीक हाती आल्यावर देवाचे आभार मानायच्या दिवशी, बायका आपापले डबे चर्चमध्ये नेत. वेदीपुढे अंथरलेल्या चादरीवर ज्वारीचा ढीग लागे. मग चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, ती ज्वारी अडलेल्या घरी पोचवत.

बजाबाई मूठ टाकताना म्हणायची, "प्रभू, हे तुजं." वाक्य एवढेच. पण ते म्हणताना ती क्षणभर डोळे मिटायची, आणि कोणीतरी शेजारी येऊन बसल्यासारखी अंग सावरून घ्यायची.

माझे फार कौतुक झाले. रविवारी ती मला डोक्यावर घेऊन निघे तेव्हा बायका म्हणत, "बजाबाईचा डबा आला बघा. हिच्यायवढी मूठ कुनाची न्हाय." तिचा नवरा कोंडीबा गेला, त्या वर्षीसुद्धा मी भरलेलाच चर्चला गेलो. पाळकसाहेबांनी उपदेशात माझा दाखला दिला. त्या दिवसापासून मंडळीत एक समज पक्का झाला, की बजाबाईच्या घरी काही कमी नाही.

तिचा मुलगा सुबोध टॉवेलच्या कारखान्यात मागावर काम करायचा. गोष्टी सांगायचा, हसवायचा. गेल्या वर्षी त्याला खोकला लागला, मग ताप, मग थुंकीत रक्त. क्षय निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजाबाईला बजावले, "आजी, गोळ्या फुकट आहेत, पण पोटात अन्न नसेल तर त्या अंगी लागायच्या नाहीत. त्याला चांगलं खायला घाला."

सुबोधचे काम सुटले होते. जे साठवलेले होते ते आधीच संपले होते. रेशनच्या यंत्रावर बजाबाईचा अंगठा उमटेना. जन्मभर भाकऱ्या थापून तिच्या बोटांच्या रेषा झिजल्या होत्या. कार्डावर सुबोधचे नाव चढलेले नव्हते. ती दर वेळी पिशवी घेऊन जायची आणि रिकामी घडी काखेत घेऊन परत यायची.

आधी तिने स्वतःची भाकरी बंद केली. मग सुबोधच्या ताटातली दूधभाकर जाऊन कण्या आल्या. कण्यांची आंबील झाली, आणि आंबील दिवसेंदिवस पातळ होत गेली. पण उरल्यासुरल्या ज्वारीतूनसुद्धा ती पहिली मूठ माझ्यात टाकत राहिली.

सुबोध अंथरुणावरून बघायचा. "आई, देवाला म्हनावं, या वर्साला जरा डायटिंग कर. तुजी तब्येत लई सुटलीया."

"गप. त्याच्या नावानं चेष्टा नगं."

"चेष्टा न्हाय गं. आपल्या घरात पोट भरलेला त्योच एकटा हाय."

ती हसली नाही. पदराने त्याचे कपाळ पुसत म्हणाली, "त्याला समदं दिसतंय. त्यो धाडील. आज मीच डब्यात हात घातला, तर उद्या कुनाच्या भरवशावर बसू?"

मित्रांनो, मी तिच्या हाताच्या अंतरावर होतो आणि काठोकाठ भरलेला होतो.

एकदा चर्चमधले भगिनी मंडळ प्रार्थनेला आले. बायकांनी चटई अंथरली, गाणे म्हटले, सुबोधच्या डोक्यावर हात ठेवून कळवळून प्रार्थना केली. निघताना एकीने विचारले, "काय लागलंसवरलं तर सांगा हं, बजाबाई."

"प्रभू हाय की," बजाबाई म्हणाली.

बाईने माझे झाकण उचलून पाहिले आणि समाधानाने खाली ठेवले. "खरंय. भरलेलं घर आहे तुमचं." त्या गेल्या. त्यांच्या मनात काही खोट नव्हती. त्यांनी मला पाहिले आणि त्या निश्चिंत झाल्या.

खरे काय ते ओळखले भिंतीपलीकडच्या सिद्धम्माने. ती अक्कलकोटकडची, कपाळाला विभूती लावणारी. रोज दारातून जाताना ती कानडीत विचारायची, "ऊटा आतेन, अक्का?" म्हणजे जेवलीस का. बजाबाई रोज म्हणायची, "झालं की." त्या सकाळी सिद्धम्मा न विचारताच आत आली. हातात भाकरी आणि शेंगाचटणी होती.

"खोटं बोलतीस व्हय गं? भिंतीला भिंत हाय आपली. भाकरी थापल्याचा आवाज न्हाय हिकडनं किती दिस झालं."

सिद्धम्माने फळीकडे पाहिले आणि माझे झाकण उघडले. "अगं बया! हे काय हाय मग? डबा भरलाय की!"

"ते आपलं न्हाय. त्याचं हाय."

"तुजा देव ज्वारी खातो व्हय?"

"त्यो कशाला खाईल? अडलेल्याला देतो त्यो."

सिद्धम्माने आधी अंथरुणावरच्या सुबोधकडे पाहिले, मग बजाबाईकडे. "मग तू कोन हाईस?"

बजाबाईने मला फळीवरून उतरवले, जमिनीवर ठेवले आणि ओंजळ आत घातली. इतक्या वर्षांत तिचा हात माझ्यातून भरून बाहेर निघाला तो तेव्हा पहिल्यांदा.

सिद्धम्मानेच ती ज्वारी दळून आणली आणि वाटीभर दूधही दिले. त्या दुपारी घरात भाकरीचा थपथप आवाज झाला. बजाबाईने भाकरी दुधात कुस्करून सुबोधला भरवली. त्याने दोन घास घेतले आणि तोंड फिरवले. पोटाची खायची सवयच मोडली होती. पुढे दवाखान्यात नेले, सलाईन लावले. तिथे त्याने एकदा विचारले, "आई, कुटं हाय गं त्यो तुजा प्रभू?"

"हितंच हाय," ती म्हणाली.

सुबोध तिथून घरी आला तो चादरीत गुंडाळून.

माती झाल्यावर बायका आल्या. पिशव्या भरभरून ज्वारी, तांदूळ, डाळ आणली. माझ्याकडे बघून त्या रडल्या. "आम्हाला काय ठाऊक, बजाबाई? डबा तर भरलेला होता." ती सगळी ज्वारी आली, पण जेवणारा गेल्यावर आली. त्या वर्षी उपकारस्तुतीला मला कोणी नेले नाही.

मित्रांनो, मी साधा डबा. देव आहे की नाही, हे माझ्या पत्र्याला कळत नाही. मला एवढेच सांगायचे आहे, की भरलेला डबा पाहून घर भरलेले आहे असे समजू नका. "देव आहे" असे म्हणणाऱ्या माणसालाही भूक लागते. त्याच्यासाठी हात जोडलेत तर उठताना त्याच्या परातीतही डोकावा. आणि भिंतीपलीकडे भाकरी थापल्याचा आवाज येतो का, तेवढे रोज ऐका.

माझ्या तळाला आता गंज धरला आहे. बजाबाई मूठ टाकत नाही. पण सकाळी ती माझ्यापाशी येते, झाकण उघडते आणि रिकामा हात आत घालते. काही टाकत नाही, काही काढत नाही. आजाऱ्याने कोणाच्या तरी हातात द्यावा, तसा तो हात ज्वारीत ठेवून बसते. "प्रभू, हे तुजं" हे शब्द आता येत नाहीत. ती डोळे मिटते आणि हळूच विचारते, "हायस का?"

मग वाट बघते. घरात काही आवाज होत नाही. ती हात काढून घेते, झाकण लावते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन विचारते.