खोल पाण्याची राखण

तापातून उठून तिला बरेच दिवस झाले होते. रिपोर्ट साफ, छाती साफ. डॉक्टर म्हणाले, "विषाणू गेलाय. आता फक्त अशक्तपणा राहिलाय. जाईल हळूहळू."

"हळूहळू म्हणजे कधी?"

"कुणाचा लवकर जातो, कुणाचा रेंगाळतो. खरं सांगू? आम्हालाही नक्की ठाऊक नसतं."

हे उत्तर तिला तापापेक्षा जास्त झोंबलं. ती तरणतलावावर जीवरक्षक होती. सगळे तिला मासोळीच म्हणायचे. बुडत्याला बाहेर काढणं हे तिचं काम, आणि तोच तिचा तोरा. आता मात्र केस विंचरायला हात वर केला तरी दंड भरून यायचे. पडून राहिलं की अंगाला मुंग्या, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. तरी ती दिवसभर या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या घालायची.

"अगं, घटकाभर टेक तरी," सासूबाई म्हणाल्या. "घरातला पंखासुद्धा तुझ्यापेक्षा कमी फिरतो."

"टेकलं की वाटतं, आता उठताच येणार नाही."

सासूबाईंनी तिच्या हातातला झाडू तेवढा काढून घेतला.

कामावर रुजू झाली त्या सकाळी, तलाव उघडायच्या आधीच तिने स्वतःची परीक्षा घेतली. सरावाची रबरी वीट खोल टोकाला फेकली, सूर मारला आणि एका दमात वर आणली. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "झाले मी बरी!"

दुसऱ्या दिवशी तिला अंथरुणातून उठवेना. ब्रशसुद्धा जड लागत होता.

"काल तर छान होतीस," नवरा गोंधळून म्हणाला.

"काल होते! आज नाही. उद्याचं मला काय विचारतोस?" ती खेकसली. मग त्याच्यावर उगाच ओरडले म्हणून रडली, आणि रडून आणखीच दमली.

थोडं बरं वाटताच ती पुन्हा कामावर गेली, उंच खुर्चीवर बसली. सुट्टीची दुपार होती, तलाव भरला होता. तिची नजर एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर भिरभिरत होती. एवढ्यात खोल पाण्यात एक माणूस पालथा दिसला. रोज येणारे, पोट सुटलेले शिंपीमामा. हात पसरलेले, हालचाल नाही.

तिने शिट्टी दातांत धरली. ऊठ, तिने स्वतःला बजावलं. ती उठली, पण पाय जागचे हलेनात. खुर्चीचा दांडा धरला तरी पाणी डोळ्यांपुढे गरगरत राहिलं. फुंकायलाही श्वास पुरेना.

तेवढ्यात शिंपीमामांनी फुर्रकन डोकं वर काढलं आणि मित्राला ओरडले, "बघितलंस? किती वेळ राहिलो!"

दोघंही खदखदून हसले. कुणाच्या काहीच लक्षात आलं नाही.

तिने उथळ टोकाच्या सहकाऱ्याला हाक मारून खुर्चीवर बसवलं आणि थेट मॅनेजरचं ऑफिस गाठलं.

"साहेब, मला खोल पाण्यावर ठेवू नका."

"का? बुडालं का कुणी?"

"नाही. पण बुडालं असतं तर मी पोहोचले नसते."

मॅनेजर हसले. "आजारातून उठल्यावर होतं असं. तू बस गं वर. तुला नुसतं बघितलं तरी लोकांना धीर येतो."

"तेच तर, साहेब. वर कुणीतरी बसलंय, या भरवशावर ते खोल पाण्यात उतरतात."

मॅनेजरांचं हसू मावळलं. त्यांनी पाळ्यांचा तक्ता पुढे ओढला. "परत कधी येशील खुर्चीवर?"

"सांगता येत नाही."

एवढं म्हणून तिने शिट्टी टेबलावर ठेवली.

आता ती अर्धा दिवस उथळ टोकाला असते. काठावर बसून, पाय पाण्यात सोडून, पाण्याला भिणाऱ्या बायकांना श्वास सोडायला शिकवते. कधी सलग आठवडाभर तरतरी असते, कधी मधूनच घरी जावं लागतं. काम सोपं आहे आणि तिला त्याचा कंटाळा येतो. डोळे सारखे पलीकडे जातात. काल वरच्या खुर्चीतल्या सहकाऱ्याने जांभई दिली, तशी ती इथूनच कडाडली, "ए, डोळे उघडे ठेव!"

तो दचकून ताठ बसला. ती मात्र धापा टाकत होती.

"बाई," पाण्यातून तिची विद्यार्थिनी काकुळतीने म्हणाली, "तिकडे काय बघताय? माझा हात धरा ना!"

तिने हात धरला, पण नजर अजून पलीकडेच होती.