शिवणखोलीतली ट्रेडमिल

थोरलीने ट्रेडमिलचं नाव काढलं तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद धाकटीला झाला, आणि तो तिने चहाच्या कपात तोंड घालून लपवला. पाच महिने हात चालवले होते त्यासाठी.

दोघी सख्ख्या जावा, एकाच घरात. थोरली इस्पितळाच्या स्वागतकक्षात बसायची, म्हणजे दिवसभर लोकांच्या नजरेसमोर. धाकटी मागच्या खोलीत शिवणकाम करायची. थोरलीचे कपडे अर्थातच तिच्या हातचे.

दोन वर्षांपूर्वी घरी पाहुणे जेवायला आले होते. धाकटीने बऱ्याच दिवसांनी स्वतःसाठी निवांत एक ड्रेस शिवला होता, गडद हिरवा. थोरली वाढता वाढता म्हणाली, "छान आहे गं. पडद्यातलं उरलं होतं का? नाही, उरलं कसं असेल, तुला पडद्याएवढंच लागलं असणार." टेबलाभोवती धाकटी सोडून चौदा माणसं होती. तेरा हसली. चौदाव्या मामांना ऐकू कमी येत होतं. कुणीतरी कानात सांगितल्यावर तेही हसले. सगळ्यांत आधी हसला तो धाकटीचा नवरा. त्याने ते पुढचं वर्षभर तिने लावून न दिलेल्या बटणांतून फेडलं.

थोरलीचा हिशेब मोठा होता, त्याला वेळ लागला. दर शनिवारी तिचे कपडे उसवलंय, निघालंय म्हणून मागच्या खोलीत यायचे. धाकटी ते दुरुस्त करायची आणि जाता जाता दोन्ही बाजूंची शिवण एक सूत आत घ्यायची. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. डोळ्यांना दिसत नाही, पोटाला कळतं.

थोरलीने आधी साबणाला दोष दिला, मग इस्पितळातल्या खुर्चीला. मग रात्रीचा भात सोडला. शेवटी एक दिवस म्हणाली, "माप घे गं जरा." फितीखाली दोन बोटं घालून माप घ्यायची पद्धत असते, कपड्याला सैलपणा राहावा म्हणून. धाकटीने चार घातली.

"वाढलंय थोडं, जाऊबाई," ती मायेने म्हणाली. "वयच आहे."

मग ट्रेडमिल. रविवारी चहाला चौघं बसली, मध्ये दुकानाचं माहितीपत्रक.

"पळायला रस्ता आहे की," भाऊजी, म्हणजे थोरलीचा नवरा, म्हणाले.

"रस्त्यावर कुत्री असतात. ओळखीची माणसं असतात."

"कुत्र्यांना घाबरतेस?"

"कुत्री काही बोलत नाहीत."

धाकटीचा नवरा म्हणाला, "वहिनी, माझ्या साहेबांकडे आहे एक. त्यावर त्यांचे टॉवेल वाळतात."

"घेऊ द्या हो त्यांना," धाकटी म्हणाली. "तब्येतीपुढे काय आहे?"

इथवर सगळं तिच्या मनासारखं. बुधवारी दुकानाचा माणूस जागा बघायला आला आणि डाव फिरला. मशीन सहा फूट लांब. मागे आणखी सहा फूट मोकळे हवेत, माणूस घसरला तर भिंतीवर आपटू नये म्हणून. दिवाणखान्यात सोफा, वरच्या खोलीची लाकडी जमीन हादऱ्यांना कच्ची. तो फिरत फिरत मागच्या खोलीत आला, कापड कापायच्या टेबलाकडे बघून म्हणाला, "हे हललं की बसेल बरोबर."

त्या खोलीला उत्तरेची खिडकी होती. धाकटीची दहा वर्षांची गिऱ्हाइकं त्या उजेडावर उभी होती. काळ्याला काळाच दोरा लागतोय की गडद निळा, हे त्या खिडकीशीच कळायचं. टेबल हललं की तिला जागा उरली ती बोळातली, दिवसाही दिवा लावायची.

एक वाट होती. घेतलेलं सूत सूत सोडायचं, महिन्याभरात थोरली आपोआप बारीक. पण मागवायचं की नाही हे रविवारीच ठरणार होतं, आणि कपडे येणार शनिवारी. एका दिवसात पाच महिने उसवत नाहीत.

रविवारी थोरली जरा उशिराच चहाला आली, अंगात एक करडा कोट घालून.

धाकटीने एका नजरेत ओळखलं. तो तिच्या हातचा नव्हता. बारा वर्षांपूर्वीचा, ती या घरात यायच्या आधीचा, बाजारातल्या कुण्या शिंप्याने शिवलेला. दुसऱ्याच्या शिवणीला हात लावायचा नाही, हा तिचा धंद्यातला नियम. तेवढा एक कोट तिने इमानाने सोडला होता. आणि आता त्याची चारही बटणं लागली होती, वर आत मूठ जाईल एवढी जागा.

"पेटीत सापडला," थोरली म्हणाली. "बसतोय ना?"

"जुनं कापड सैल पडतं," भाऊजी पेपरातून म्हणाले.

"असेल. कापडाचं मला काय कळतंय, कळणारी समोर बसलीय." थोरलीने साखर ढवळली. तिचा आवाज गोड होता, आणि ती गोड बोलली की इस्पितळात लोक मुकाट रांगेत उभे राहायचे. "तूच सांग गं. मला गरज आहे का त्या मशीनची? तू नको म्हण, मी आत्ता दुकानात फोन करून नको सांगते. खोली तुझी तुला. फक्त नको का, ते सगळ्यांसमोर सांग."

दोघे नवरे धाकटीकडे बघायला लागले. शिवणी मी आत घेतल्या, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. त्या वाक्याच्या बदल्यात खोली होती, खिडकी होती, दहा वर्षांची गिऱ्हाइकं होती. पण ते ऐकून आधी नवरा हसला असता, मग भाऊजी, मग थोरलीने मोठ्या मनाने माफ केलं असतं, आणि ते माफ केलेलं पुढच्या प्रत्येक जेवणावळीत वाढलं असतं.

"घ्याच," धाकटी म्हणाली. "माझ्याच खोलीत ठेवा. मी आजच टेबल हलवते. रोज चाळीस मिनिटं पळावं लागतं म्हणे, नाहीतर गुण येत नाही."

थोरलीचा चमचा थांबला. तिला कबुली हवी होती, मशीन नव्हे. घाम तिला अजिबात आवडत नसे.

"चाळीस?" ती म्हणाली.

"सकाळी. उपाशीपोटी."

"मग मागवते."

"मागवा."

पुढच्या आठवड्यात मशीन आलं. सोमवारी सकाळी थोरली त्यावर चढली. सात मिनिटं झाली असतील, तोच धाकटी खुर्ची घेऊन आत आली आणि मशीनसमोर, खिडकीशी बसली.

"काय हवंय?"

"काही नाही. काजं करायचीत हाताने. उजेड इथेच आहे."

पट्टा घरघरत होता. थोरलीचा चेहरा लाल झाला होता.

"बोळात डोळे दुखतात वाटतं," ती धापा टाकत म्हणाली. "एक शब्द बोल. टेबल आत्ता आत येईल."

"दमलात का, जाऊबाई? थांबा की. मशीन परत घेतात ते, पंधरा दिवसांत."

थोरलीने वेग वाढवायचं बटण दाबलं. धाकटीने सुईत दोरा ओवला आणि घड्याळ दिसेल अशी खुर्ची थोडी वळवून घेतली. अजून एकतीस मिनिटं होती.